पथ्य कुणी मोडलं

पंचशीला टीचर दवाखान्यात आली ती भांडायला आलेली नव्हती, आणि विनीताला पुढं त्याचंच जास्त वाईट वाटत राहिलं. भांडली असती तर निदान दोन्ही बाजूंचं मन मोकळं झालं असतं. तिनं चपला दाराबाहेर काढल्या, पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अण्णा, आमच्या सासूबाईचं औषध मदीच बंद पडलंय. परत कधीपासनं द्यायचं, ते इचारायला आले."

अण्णा म्हणजे प्राणेशअण्णा, विनीताचे वडील. वय ऐंशीच्या घरात. बसवकल्याणात त्यांचा दवाखाना विनीताच्या जन्माआधीपासूनचा, आणि इकडं भालकीपासून तिकडं उमरग्यापर्यंत ज्याचे सांधे सुजले, ज्याची बोटं सकाळी उठल्यावर मिटेनाशी झाली, त्याला कुणीतरी सांगायचंच की एकदा प्राणेशअण्णांना हात दाखव. या दुखण्याला वैद्य आमवात म्हणतात. अण्णा रोग्याला समजावून सांगत, "बाहेरचा शत्रू नाही बाबा हा. आपल्या घरचं कुत्रं आपल्यालाच परकं समजून चावायलंय. त्याला मारायचं नाही, ओळख पटवून द्यायची." विनीताही वैद्यच, रीतसर पदवी घेतलेली. सासर कलबुर्गीचं. आई गेल्यापासून ती आठवड्यातले बरेच दिवस इकडं अण्णांजवळ काढायची आणि शेजारच्या खोलीत आपले रोगी तपासायची.

पंचशीलाची सासू पार्वतीबाई, कोहिनूर गावची. घरची थोडी शेती, नवरा माणिकराव अजून रानात जाणारा, मुलगा रत्नपाल बिदरला नोकरीला, आणि सून तालुक्यातल्याच सरकारी शाळेत शिकवणारी. दिवाळीनंतर पार्वतीबाईंच्या हातांना सूज आली म्हणून त्या अण्णांकडं आल्या होत्या. अण्णांनी औषधी तूप दिलं आणि पथ्य सांगितलं. दूधभात खायचा, तिखट, मीठ, मासळी बंद, उन्हात जायचं नाही. पुढं काय झालं ते पंचशीला आता सांगत होती. आधी हातांना खाज, मग अंगभर फोड, मग तोंड एवढं सुजलं की डोळे उघडेनात, आणि शेवटी लघवीच बंद व्हायला आली. रत्नपालनं रातोरात गाडी करून बिदरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वेळेवर इंजेक्शनं दिली म्हणून म्हातारी घरी परत आली.

"काय खाल्लं होतं?" अण्णांनी विचारलं.

"सुकटाची चटणी. चमचाभर. जाऊबाई आल्त्या, त्यांनी केली होती. सासूबाईला वास सोसवला न्हाई."

"मग काय," अण्णा म्हणाले. "पथ्य मोडलं की औषध उलटणारच."

"पण खाज आधी सुटली अण्णा, सुकट मागनं खाल्ली."

"त्याच्या आधी दुसरं काही खाल्लं असेल. सांगत नाहीत लोक." अण्णांचा आवाज रागाचा नव्हता, नेहमीचाच होता, मायेचा. "असू दे. आता नीट पथ्य पाळायला सांग. सोमवारपासून परत चालू करा."

पथ्य ही वैद्याची मोठी सोय आहे, हे विनीताला शिकत असतानाच कळून चुकलं होतं. रोगी बरा झाला तर औषधानं, नाही झाला तर पथ्य मोडल्यानं. या रस्त्यावर वैद्य कधी अडखळतच नाही. आणि सुकट खाणाऱ्या घरातला रोगी असला की मग बोलायलाच नको, बोट दाखवायला जागा तयारच असते. ती आपल्या खोलीतून हे सगळं ऐकत होती. बाहेर येऊन तिनं बाटली उचलली, बूच काढलं आणि वास घेतला. दुसऱ्यांदा घ्यायची गरज पडली नाही. तिनं बाटली हाताला लागू न देता फडक्यातच धरली.

तुपात बिब्बा होता.

अण्णांचं नाव झालं ते या बिब्ब्याच्या तुपानंच. बिब्बा म्हणजे काळं, सुपारीएवढं फळ, पण त्याचं तेल ज्याला सोसत नाही त्याला लागलं तर माणूस ओळखू येऊ नये इतका उततो. लोक कुणाच्या चालत्या कामात खोडा घालणाऱ्याला ‘बिब्बा घातला’ म्हणतात ते काही उगीच नाही. तो विटेच्या चुऱ्यात घोळायचा, चोळायचा, गरम पाण्यानं धुवायचा, तेव्हा कुठं तो औषधात घालण्याजोगा होतो. इतकं करूनही सगळ्यांना तो चालत नाहीच. म्हणून अण्णांचा एक प्रश्न ठरलेला असे. रोग्याचं नाव विचारायच्या आधी ते विचारत, "आंब्याचा चीक सोसतो का?" आंबा आणि बिब्बा एका कुळातले. ज्याचं तोंड आंब्याच्या चिकानं उततं, त्याला बिब्बा म्हणजे आगीत हात घालणं. प्रश्नाचं उत्तर ‘नाही सोसत’ आलं, की अण्णा दुसरं औषध देत. मात्र औषधाचं नाव ते कुणालाच सांगत नसत, कारण बिब्ब्याचं नाव ऐकूनच निम्मे लोक पळाले असते. बाटलीला चिठ्ठी नसे. लोक त्याला नुसतं ‘अण्णांचं तूप’ म्हणत.

"टीचर," विनीता म्हणाली, "अण्णांनी सासूबाईंना पहिल्यांदा तपासलं तेव्हा आंब्याबद्दल काही विचारलं होतं का?"

"आंब्याबद्दल?" पंचशीला तिच्याकडं पाहत राहिली. "न्हाई. मी होते की संगं. हात बघितला, जीभ बघितली, शेतीचं इचारलं, तूप दिलं."

विनीतानं अण्णांकडं पाहिलं. अण्णा खुर्चीत शांत बसले होते, आपल्याविषयी काही बोलणं चाललंय हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

त्या क्षणी ती खरं बोलली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण बाहेर बाकावर चार रोगी बसले होते, अण्णा समोर होते, आणि तिची जीभ उचलली नाही. ती एवढंच म्हणाली, "ही बाटली इथंच राहू दे. सोमवारी मी स्वतः कोहिनूरला येते. तोवर सासूबाईंना काहीसुद्धा देऊ नका."

पंचशीलानं चपला घातल्या. पायरी उतरताना ती वळली. "डॉक्टरबाई, गावात समदे म्हणायलेत, पार्वतीनं सुकट खाऊन अण्णांचं औषध बाटवलं. खाई त्याला खवखवे म्हणून हसायलेत. आमच्या ताटाकडं बोट दाखवायला लई सोपं असतंय." एवढं बोलून ती बसस्टँडकडं निघून गेली.

खरं म्हणजे अण्णा विसरायला लागलेत हे कळायला विनीताला बाटलीचा वास घ्यायची गरजच नव्हती. लहानपणी तिला एकदा बिब्बा उतला होता. तेव्हापासून अण्णा बिब्बा शुद्ध करायला बसले की मागच्या पडवीचं दार आतून लावून घेत. ती वैद्य झाल्यावरसुद्धा त्यांनी तिला त्या पडवीत पाय टाकू दिला नव्हता. आणि याच दसऱ्याच्या सुमाराला एका दुपारी त्यांनी पडवीतून हाक मारली, "विनी, ये गं, हा चुरा जरा चाळून दे." ती उंबऱ्यापर्यंत गेली. समोर विटेच्या चुऱ्यात काळे बिब्बे पडलेले. अण्णा चाळणी पुढं करून तिच्याकडं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत काही म्हणता काही नव्हतं. तिनं हसून वेळ मारून नेली. वय झालं, होतं असं, असं स्वतःलाच समजावलं. शेजारच्या खोलीत बसून तिनं रोज कानाडोळा केला, आणि ती कलबुर्गीला गेलेली असताना पार्वतीबाई आल्या. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

संध्याकाळी तिनं बंगळूरला भावाला फोन केला. श्रीहर्ष सरकारी अधिकारी, मोजकं बोलणारा. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "बाई आता बऱ्या आहेत ना? मग दुसरं साधं तूप दे बाटलीत भरून. त्यांना कळायचंही नाही. अण्णांचे असे किती दिवस राहिले, विनी? झाकली मूठ सव्वा लाखाची."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचं बोलणं तिला पटलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी तिनं कडू औषधांचं, कुणालाही सोसेल असं पंचतिक्त तूप तशाच एका बाटलीत भरलं. पार्वतीबाई बऱ्या राहतील. अण्णांचं नाव राहील. पुढं हळूहळू, एकेक रोगी ती आपल्या खोलीत वळवून घेईल. यात कुणाचं काय बिघडलं, असं ती मनाशी म्हणत राहिली, आणि दर वेळी तिला पंचशीलाची पायरीवरची पाठ दिसत राहिली.

सोमवारी ती निघाली तर अण्णा आधीच गाडीत येऊन बसलेले. धोतर नेसलेलं, खांद्यावर उपरणं. "औषध उलटलं की वैद्यानं रोग्याच्या घरी जायचं असतं," ते म्हणाले. "रोग्याला बोलवायचं नसतं." त्या दिवशी त्यांचं डोकं लख्ख होतं. वाटेत त्यांनी रस्त्याकडंचं प्रत्येक रान कुणाचं ते सांगितलं. तुरीला शेंगा धरल्या होत्या, आणि यंदा अळी कमी दिसते, असंही ते म्हणाले. विनीता हूं हूं करत गाडी चालवत होती. बाटली तिच्या पर्समध्ये होती.

पार्वतीबाई ओसरीवर घोंगडीवर बसल्या होत्या. विनीतानं त्यांना पाहिलं आणि ती दारातच थबकली. अंगावरचे फोड सुकून काळे डाग पडले होते, तो भाग वेगळा. पण बाई अर्ध्या झाल्या होत्या. गालफडं आत गेलेली, मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत घसरत होती.

"काही खात नाहीत का?" तिनं पंचशीलाला विचारलं.

"पथ्य चाललंय," पंचशीला कोरडेपणानं म्हणाली. "बिदरच्या डॉक्टरांनी समदं खा म्हणून सांगितलंय. पण ह्या नुसत्या दुधात भाकर कुस्करून खायलेत. तेबी एकदाच. मीठसुदीक सोडलंय. म्हणतात, अण्णांचा शब्द मोडला, आता जीव गेला तरी मोडायची न्हाई."

पार्वतीबाईंनी अण्णांना पाहून दोन्ही हात जोडले. बोटं पूर्ण जुळत नव्हती. "अण्णा, माझ्याच जिभेनं घात केला बगा. एवढं तुमी सांगितल्यालं, आन मी चमचाभर सुकटासाठी... आता न्हाई चुकायची. आजपासनं द्या परत."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथं तर संन्यासी स्वतःच सुळावर चढून बसला होता. विनीतानं पर्समध्ये हात घातला. बाटली हाताला लागली. बाटली बदलली तर औषधाचं विष टळेल, पण हे उपाशी राहणं टळणार नव्हतं. या बाईचा स्वतःवरचा ठपका तिला साध्या तुपानं पुसता येणार नव्हता. उलट त्या जितक्या बऱ्या होतील तितकी त्यांची खात्री पटेल, की बघा, मीच चुकले होते. तिला हे आधी का सुचलं नाही, ते काही केल्या कळेना. आणि तरीसुद्धा ती बोलली नाही. अण्णा तिच्या शेजारीच बसले होते.

अण्णांनी पार्वतीबाईंचा हात हातात घेतला. डोळे मिटून नाडी पाहिली. मग डोळे उघडून दंडावरचे काळे डाग पाहिले, मानेवरचे पाहिले, पापण्या पाहिल्या. बोट न लावता ते डाग ते बराच वेळ निरखत राहिले. पन्नास वर्षं त्यांच्या तोंडातून जो प्रश्न निघत आला होता, तो त्यांच्या नकळत निघाला.

"बाई, तुम्हाला आंब्याचा चीक सोसतो का?"

पार्वतीबाईंना हसूच आलं. कितीतरी दिवसांनी हसल्या असतील. "असं काय इचारायलाव अण्णा? तुमालाच तर म्हाईत हाय की. माझं लगीन झाल्यावर पैला उन्हाळा. कैऱ्या उतरवायला गेले आन तोंड एवढं झालं. सासऱ्यानं बैलगाडीतनं तुमच्याकडं आणलं. तुमी तीळ-लोणी लावाय दिलं आन म्हणलाव, पोरी, जलमात आंब्याच्या चिकाला हात लावू नको. अजून न्हाई लावत मी. लोणच्याच्या कैऱ्या बी हेच चिरून देत्यात." त्यांनी माणिकरावांकडं पाहिलं. माणिकरावांनी मान हलवली.

अण्णांनी पार्वतीबाईंचा हात हळूच घोंगडीवर ठेवला. मग ते विनीताकडं वळले. लहान मूल वाट चुकल्यावर ओळखीचं माणूस शोधतं, तसं त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"विनी, मी यांना काय दिलं होतं?"

पंचतिक्त म्हणता आलं असतं. एकच शब्द होता, आणि तो खोटा आहे हे ओळखणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. अण्णांनी लगेच विश्वास ठेवला असता. त्यांना तेच हवं होतं, हेही तिला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. बापाला असं उघड्यावर आणायचं पाप आपल्याच वाट्याला का यावं, असं तिला वाटलं.

"बिब्ब्याचं तूप, अण्णा," ती म्हणाली.

पार्वतीबाईंना आधी कळलंच नाही. त्या सुनेकडं बघत राहिल्या. पंचशीलाला मात्र कळलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मी विचारलं नाही?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

अंगणात कुणाची तरी शेळी ओरडत होती. अण्णा सावकाश बोलले. "बाई, तुम्ही पथ्य मोडलं नाही. सुकटानं काही होत नाही. मी तुम्हाला तुमचं विष दिलं. मला आठवायला पाहिजे होतं, नाही आठवलं तर विचारायला पाहिजे होतं. पथ्य मोडलं ते मी."

"असं नका म्हणू अण्णा," पार्वतीबाई घाबरून म्हणाल्या. "तुमच्या हातनं चूक व्हईल का? माझंच काहीतरी..."

"आत्या," पंचशीला म्हणाली, "आता बास." तिचा आवाज चढला नव्हता, पण सासूबाई गप्प झाल्या.

माणिकराव शहाणा, सोशिक माणूस. ते म्हणाले, "जाऊ द्या. झालं गेलं. जीव वाचला न्हवं."

"मामा, जीव वाचला ते बिदरला नेलं म्हणून," पंचशीला म्हणाली. "आन नाव गेलं त्याचं काय? गावात ह्यांना तोंड दाखवाय जागा न्हाई. दुकानात गेलं तर इचारतात, पार्वती, सुकट देऊ का. ते कोण भरून देणार?"

"ती बरोबर बोलते," अण्णा म्हणाले.

पंचशीलानं तरी रीत सोडली नाही. आत जाऊन चहा करून आणला. विनीतानं कप घेतला. अण्णांच्या तोंडून मात्र जन्मभराच्या सवयीनं निघून गेलं, "मला नको, मी घरीच घेतो." एवढं सगळं कबूल करून झालं होतं, आणि तरी हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. पंचशीलानं त्यांचा कप उचलून आत नेला. विनीतानं आपला चहा मान खाली घालून संपवला. आपल्या घराच्या काही सवयींना अजून कुणी प्रश्नच विचारलेला नाही, हे तिला त्या दिवशी फार लागलं.

निघताना तिनं पार्वतीबाईंना समजावलं. मीठ खा, डाळ खा, जे खात होतात ते सगळं खा. बिदरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडायच्या नाहीत, लघवीची तपासणी पुन्हा करून घ्यायची, आणि सांध्यांचं काय करायचं ते अंगात ताकद आल्यावर त्यांच्या सल्ल्यानंच ठरवू. पार्वतीबाईंनी सगळं ऐकलं आणि शेवटी हळूच विचारलं, "मग सुकट चालतंय म्हणता?"

"चालतंय," विनीता म्हणाली. आणि त्या माउलीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

गावाबाहेर पडायच्या वाटेवर किराणा दुकानापुढं पिंपळाचा पार आहे. दुपारी तिथं दहाबारा माणसं असतातच. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. ते काठी टेकत पारापर्यंत गेले. लोक उठून उभे राहिले, कुणी नमस्कार केला. अण्णांनी बसायची विनंती ऐकली नाही. उभ्यानंच त्यांनी सांगितलं, "माणिकरावांच्या पार्वतीबाईला जे झालं ते माझ्या चुकीनं झालं. तिला न चालणारं औषध मी दिलं. तिच्या खाण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे मी सांगितलं म्हणून चार ठिकाणी सांगा." एकानं टोपी काढून हातात घेतली. दुकानदार आत जाऊन उगाच डबे इकडचे तिकडं करत राहिला.

गाडी बसवकल्याणच्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन उतरत होतं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आजपासून मी कुणाला औषध देणार नाही."

विनीतानं मान हलवली.

"नुसती मान हलवू नकोस. नीट ऐक. मी हे विसरणार. उद्या विसरेन, परवा विसरेन. तू मला सांगायचं."

"सांगेन."

"मी चिडेन. तुला वाटेल तसं बोलेन. तरी सांगायचं. आणि गोड बोलून नाही सांगायचं, विनी. खरं कारण सांगायचं. खोटं कारण सांगितलंस तर मी परत खुर्चीवर बसेन."

तिनं गाडी कडेला घेतली, कारण तिला रस्ता दिसेनासा झाला होता. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती सावरेपर्यंत तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तर अण्णा अंघोळ करून, गोपीचंदनाच्या मुद्रा लावून दवाखान्यात खुर्चीवर बसलेले. समोर खटकचिंचोळीहून आलेले अमृतप्पा, दोन्ही गुडघे सुजलेले, धोतर वर करून दाखवत होते. अण्णांचा हात फडताळाकडं गेलेला होता.

"अण्णा," विनीता म्हणाली, "तुम्ही औषध द्यायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"तुम्ही. काल. कोहिनूरहून येताना."

"मी?" अण्णांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मी असं कामून म्हणेन? पन्नास वर्षं रोगी बघायलोय मी. तुला दवाखाना पाहिजे असेल तर तसं सांग. खोटं कामून बोलायलीस?"

अमृतप्पांनी धोतर खाली केलं आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. विनीताला वाटलं, आत निघून जावं. आजचा दिवस राहू दे. एका अमृतप्पानं काय होतंय. मग तिनं स्टूल ओढलं आणि अण्णांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. पहिल्यापासून सांगायला लागली. पंचशीला टीचर आल्या होत्या. पार्वतीबाईंना तूप दिलं होतं. त्यांच्या अंगावर फोड आले, लघवी बंद व्हायला आली, बिदरला न्यावं लागलं. गाव त्यांना हसलं. त्या उपाशी राहिल्या.

अण्णा ऐकत होते. काल ऐकलं होतं त्यातलं काहीही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. ते सगळं आज नव्यानं, पहिल्यांदा घडत होतं. "कोहिनूरची पार्वती? जिला आंबा सोसत नाही ती?" ते कळवळून म्हणाले. "तिला बिब्बा? अरे देवा. कुणी दिला तिला बिब्बा?"

काल ही चूक त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केली होती. तिला म्हणावं लागलं नव्हतं. आज मात्र तिलाच म्हणायचं होतं, आणि उद्याही, आणि ते असतील तितक्या सकाळी.

"तुम्ही, अण्णा," ती म्हणाली.

अण्णांचा हात फडताळावरून खाली आला. ते तिच्याकडं बघत राहिले. ती खोटं बोलत नाही हे त्यांना दिसलं असावं. थोड्या वेळानं ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, उपरणं सारखं केलं आणि अमृतप्पांना म्हणाले, "आत जावा. माझी मुलगी बघते. ती विचारेल त्याची उत्तरं नीट द्या."